सूर काढून नेलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे. बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा सुस्कारे टाकतात. मलाही ते सहज जमलं असतं. भाता आहे माझ्याकडे, वारा घेणं आणि सोडणं हे तर माझं जन्माचं काम. पण आज मी सुस्कारे टाकणार नाही. आज मी रागावलेली आहे. धोंडूबाई म्हणते, दिवेलागणीला रागाचं बोलू नये. म्हणून दुपारीच सगळं सांगून मोकळी होते.

माझा जन्म राजापूरचा. अर्जुना नदीच्या काठी एका गल्लीत काशिराम मिस्त्रींचं छोटंसं दुकान होतं. त्यांनी जुन्या सागवानाच्या फळ्या घेऊन माझं अंग घडवलं. माझे सूर मात्र माझ्याहून वयाने मोठे. पेटीचा सूर म्हणजे पितळेचं एक बारीक पातं असतं बरं का, वारा लागला की ते थरथरतं आणि बोलतं. एक नाटक कंपनी मोडली, तिची पायपेटी भंगारात निघाली, तिच्यातली पाती मिस्त्रींनी जिवापाड जपून ठेवली होती. ती त्यांनी माझ्यात बसवली. प्रत्येक पातं कानाशी धरून, घासून, पुन्हा कानाशी धरून. यंत्र नाही, सुई नाही, काही नाही. त्यांची लेक सीता शेजारी बसून पाती पुसून द्यायची आणि मध्येच म्हणायची, "आप्पा, हा रडका हाय." मिस्त्री पुन्हा घासायचे.

मला घ्यायला आला तो भिवा. जयगडच्या खाडीकाठच्या आमच्या वाडीतला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. सोबत त्याची नवी नवरी, धोंडूबाई. किती पैसे दिले ते मी सांगत नाही, आपली किंमत आपण सांगू नये. एसटीत बसताना कंडक्टर भिवाला म्हणाला, "ती पेटी टपावर टाक." भिवा म्हणाला, "ही माझी बायको आणि ही माझी पेटी. दोघींतली एकसुद्धा टपावर जायची नाय." सगळी गाडी हसली. धोंडूबाईने पदराआड तोंड लपवलं. मी मात्र त्या दिवशी जी भिवाच्या मांडीवर बसले ती कायमची त्या घरची झाले.

भिवाचे हात मिठाचे. समुद्रावरून आला की थेट माझ्याकडे यायचा, आणि धोंडूबाई वाटेत आडवी व्हायची. "आधी विहिरीवर जावा. गोड्या पाण्यानं हात धुवा, मग तिला शिवा. पितळेला मीठ लागलं तर ती खोकायला लागंल." एवढा दांडगा तांडेल, पण हात धुऊन यायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली झाकल्या की भजनाला ऊत यायचा. ते तीन महिने वाजवून झालं की मी चुलीवरच्या माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेली असायची, म्हणजे दमट हवा लागू नये. कोपऱ्यात वेखंडाची कांडी, झुरळांसाठी. रोज सकाळी धोंडूबाई मला खाली काढून एकदा नुसता भाता हलवायची. "श्वास द्यावा लागतो तिला," म्हणायची, "नायतर चामडं आखडतं." मित्रांनो, पन्नास पावसाळे मी असे काढले. आमच्या कोकणात लोखंड गंजून भुगा होतं. मी टिकले, ते कुणीतरी मला श्वास देत होतं म्हणून.

आता त्या घरचा नेम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या नेमावर उभी आहे.

रोज दिवेलागणीला तुळशीशी दिवा लागला की एक अभंग व्हायचा. भिवा वाजवायचा, धोंडूबाई गायची. पण भिवा आठ आठ दिवस समुद्रावर असायचा, तेव्हा काय? धोंडूबाईला वाजवता येत नव्हतं. मग भिवाने तिला एकच गोष्ट शिकवली. माझ्या मधल्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी तिला दाखवली. आमच्यात तिला काळी दोन म्हणतात. "ही दाबून धर, भाता हलव आणि गा. बाकी काय नको." तेव्हापासून होडी पाण्यावर असली की धोंडूबाई तेवढा एक सूर धरायची आणि गायची. तिचा विश्वास असा, की आपण इथे सूर सोडला नाही तर तिथे होडीचा किनारा सुटणार नाही. एका वादळात होडी दोन दिवस उशिरा आली. ते दोन दिवस ती कशी बसली होती ते फक्त मला ठाऊक आहे. त्या पट्टीवर तिच्या बोटाचा खळगा पडला आहे. हात लावून बघा, अजून आहे.

पाच वर्षांपूर्वी भिवा गेला. समुद्रावर नाही, घरातच, दुखण्याने. सुतकाचे दिवस सोडले तर धोंडूबाईचा नेम एक दिवस चुकला नाही. फक्त आता ती रोजच एक पट्टी धरायची. होडी परत यायची नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी.

इथवर माझा सूर गोड होता ना? आता राग येणार आहे, सावरून बसा.

भिवाचा मुलगा सर्वेश. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. बंदरावर क्रेन चालवतो. वाडीच्या भजन मंडळाचा तो बुवा. गळा बापाचाच, देवाने हात सैल सोडून दिलेला. पण त्याला एक खोड लागली. गाणं बिघडलं की तो गळा तासायचा नाही, वस्तू मागवायचा. आधी कीबोर्ड आला. मग तबल्याचा डबा आला, बटण दाबलं की त्रिताल. मग माईक. शेजारच्या गावच्या बुवाकडे त्याहून मोठा माईक दिसला, म्हणून दुसरा माईक. मग आवाज घुमवायचं यंत्र, मग ते सगळं जोडायचं यंत्र, मग त्या यंत्राला ठेवायची पिशवी. आवाज बसला तर लोक ज्येष्ठमध चघळतात, याने स्पीकर घेतला. पार्सलवाल्याची हाक आली की अर्धं जेवण टाकून धावायचा. खोकं फोडताना त्याचा चेहरा बघावा, जणू देवाचा गाभारा उघडतोय. आठवड्याने तेच यंत्र कोपऱ्यात आणि हा पुन्हा मोबाईलवर पुढचं शोधतोय.

त्याची बायको नम्रता एकदा म्हणाली, "आता खोक्यांनाच भजनाला बसवा. वाडीत माणसं कमीच हायत नायतरी."

"तुला त्यातलं कळत नाय," सर्वेश म्हणाला.

"मला एवढं कळतं, गेल्या महिन्यात तुम्ही खोकी सहा उघडलीत आणि तोंड एकदा पण नाय."

आणि ती खोकी ठेवली कुठे? माझ्यावर! माझ्या झाकणावर स्पीकर, स्पीकरवर कीबोर्ड. मी पेटी आहे की घडवंची? रोज दिवेलागणीला धोंडूबाई, सत्तरी पार केलेली बाई, एक एक खोकं उतरवायची, अभंग म्हणायची, आणि पुन्हा एक एक खोकं जसंच्या तसं वर रचून ठेवायची. तिला राग येत नाही असं लोक म्हणतात. मला येतो. तिच्या वाटणीचाही येतो.

माझ्या दोन पट्ट्या दमटीने अडकत होत्या, भात्याला एक भोक पडलं होतं. धोंडूबाई तीन वर्षं म्हणत होती, "सर्वेशा, राजापूरला एकदा ने रे हिला." सर्वेश म्हणायचा, "नेतो." नवी वस्तू चार दिवसांत दारात येत होती. राजापूर मात्र तीन वर्षांत आलं नाही.

मग त्या वर्षी भजन स्पर्धेत आमचं मंडळ हरलं. परीक्षकांनी स्पष्ट सांगितलं, "बुवा, गळा चांगला आहे, पण रियाज नाही." सगळ्यांनी ते ऐकलं. सर्वेशने घरी येऊन सांगितलं, "पेटी बदलायला पाहिजे." कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं, की नवी मोठी स्केल चेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी, पेटी बनवून घ्यायची आणि तिच्यात जुन्या पेटीचे सूर बसवायचे. असले सूर आता मिळत नाहीत म्हणे. म्हणजे अंग टाकायचं आणि जीभ कापून न्यायची. मित्रांनो, राग येऊ नये तर काय यावं?

सर्वेशच्याही मनात कुठेतरी कचरत असावं. नाहीतर तो मला घेऊन गावदेवीच्या देवळात कशाला गेला असता? आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवीला कौल लावतात. देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. रामा गुरवाने मला देवीसमोर ठेवलं, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.

डावी पाकळी टपकन खाली आली.

"प्रश्न नीट घातला नाय तुम्ही, रामाकाका," सर्वेश म्हणाला. "नवी पेटी घेऊ का, असं विचारा. जुनीचं काय काढू नका."

रामाने पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

"आता असं विचारा," सर्वेश हात जोडून म्हणाला, "की माझ्या बापसाचेच सूर नव्या पेटीत घालून तुझ्या देवळात वाजवीन. मग?"

रामाने तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी हळूच घसरली.

"सर्वेशा," रामा म्हणाला, "पहिल्यांदा देवी बोलते. तिसऱ्यांदा पाकळी आपल्या वजनानं पडते."

"पण उजवीच पडली ना?"

"पडली रे बाबा. तुला हवी तीच पडली."

घरी धोंडूबाई ओटीवर कुळीथ निवडत होती. सर्वेशने सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. ती एवढंच म्हणाली, "देवीला तीनदा विचारलंस. मला एकदा विचारायचं व्हतंस."

"आये, सूर मी टाकून देत नाय. नव्या घरात घालतोय."

ती पुन्हा कुळीथ निवडायला लागली. उजवा कौल मिळाला की तो मोडायचा नसतो. ती जन्मभर देवीचा शब्द पाळत आली होती, आता मुलाने त्याच शब्दात तिला बांधून टाकलं. दुसऱ्या कुठल्याही बाईने आरडाओरडा केला असता. या बाईला कौलाने गप्प केलं. तिच्या भक्तीचाच त्याने दोर केला, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. याचा राग मला सुरी लावल्याच्या रागाहून मोठा आहे.

रविवारी सकाळी सर्वेशने मोबाईल उभा करून ठेवला, त्यात कुणीतरी पेटी खोलून दाखवत होता. ते बघत बघत त्याने मला खोललं. पन्नास वर्षं बंद असलेलं माझं पोट त्याने फरशीवर उघडं टाकलं. एक एक पातं उचकटून कागदात गुंडाळलं. एक स्क्रू गंजून बसला होता. त्याने जोर केला. कट्ट असा आवाज झाला.

मधली काळी दोन. पात्याचे दोन तुकडे.

"एकच तर गेला," सर्वेश म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे, खोलीत कुणीच नव्हतं. "नवा बसवतील."

सूर पार्सलने गेले. नेहमी पार्सल यायचं, या वेळी गेलं. मला त्याने बंद करून कोपऱ्यात ठेवलं आणि आईला म्हणाला, "आये, आता हिच्यात वाती, कापूर ठेव हवं तर."

त्या संध्याकाळी दिवा लागला. धोंडूबाई रोजच्यासारखी माझ्यासमोर येऊन बसली. उजव्या हाताचं बोट काळी दोनच्या खळग्यात ठेवलं, डाव्या हाताने भाता हलवला. माझ्यातून आवाज निघाला नाही. निघणार कुठून? नुसता वारा आला, फूऽ फूऽ असा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. तिने डोळे मिटले आणि त्या वाऱ्यावर अभंग म्हटला. सबंध. एक अक्षर गाळलं नाही.

नम्रता दारात उभी होती. तिच्या हातातलं तांब्याभर पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. सर्वेशला अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्याने आईसाठी काय केलं असेल? मागवलं! हातावर मावेल एवढी विजेची श्रुतीपेटी. बटण दाबलं की सूर सुरू, थांबायचं नाव नाही. धोंडूबाईने मुलाचं मन मोडू नये म्हणून अर्धा अभंग तिच्याबरोबर म्हटला. मग बटण बंद केलं, ती डबी फडक्यात नीट बांधली आणि परत दिली.

"का गं? सूर बरोबर हाय तिचा."

"असंल. पण ती दमत नाय रे," धोंडूबाई म्हणाली. "हिला श्वास द्यावा लागत नाय. मग मी काय द्यायचं?"

महिन्याभराने नवी पेटी आली. देखणी होती, खोटं कशाला बोलू. चकचकीत, नक्षीची, पितळी कड्यांची. सर्वेशने नवस केल्याप्रमाणे ती देवळात वाजवली. लोकांनी वाहवा केली. ती वाहवा माझ्याच जिभांची होती, पण मी घरी कोपऱ्यात होते. संध्याकाळी तो फुशारून घरी आला आणि आईला म्हणाला, "आज मी साथ करतो. तू गा."

ती माझ्यासमोरच बसली, बोट खळग्यातच ठेवलं. त्याने नव्या पेटीवर काळी दोन धरली. ती गायला लागली, आणि दोन्ही आवाज एकमेकांना घासून थरथरायला लागले. तुम्ही कधी दोन सूर जवळ असून जुळत नाहीत असं ऐकलंय? दात शिवशिवतात.

"आये, तू जरा खाली गातेयस."

"असंल," ती म्हणाली.

सर्वेशच्या मोबाईलमध्ये सूर मोजायची सुई होती. त्याने ती लावली. नवी पेटी सुईच्या अगदी मधोमध. ती बनवणाऱ्याने माझे सगळे सूर यंत्रावर लावून, तासून दिले होते. आईचा आवाज मात्र मधल्या रेघेच्या केसभर खाली. तो म्हणाला, वय झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. सुई तेवढीच केसभर खाली. तिसऱ्या दिवशी तिथेच. धोंडूबाईला ताप आला, कण्हत उठून बसली, त्या दिवशीही सुई तिथेच. ज्याचा गळा वयाने ढळतो, त्याची सुई रोज वेगळीकडे जाईल. ही तर खुंटीला बांधल्यासारखी एका जागी उभी.

त्याला काहीतरी सुचलं. जुन्या मोबाईलमध्ये एका शिमग्याचं चित्रण होतं, भिवा मला वाजवत होता. सर्वेशने ते लावलं आणि नव्या मोबाईलची सुई त्याच्याजवळ धरली.

सुई केसभर खाली. त्याच जागी.

मित्रांनो, पन्नास वर्षांत माझी काळी दोन थोडी उतरली होती. वय होतं, मीठ होतं, वारा होता. आणि ती जशी उतरली तशी धोंडूबाई रोज तिच्याबरोबर उतरली, तिचं बोट सोडलं नाही. माझं पातं मोडलं, उरलेले सूर कुणीतरी तासून टाकले. आता या जगात माझी ती काळी दोन एकाच ठिकाणी शिल्लक होती, या म्हातारीच्या गळ्यात. उद्या हा गळा गप्प झाला तर ती गेली. ती कुठल्या दुकानात मिळणार नव्हती, कुणी चार दिवसांत दारात आणून देणार नव्हतं. हे सर्वेशला त्या घडीला कळलं, आणि मी पहिल्यांदा त्याला खरोखर घाबरलेला पाहिला. क्रेनवर शंभर फुटांवर बसणारा माणूस, फरशीवर माझ्याजवळ येऊन बसला.

बाहेरून हाक आली, "सर, पार्सल!" तिसरा माईक असणार. सर्वेश उठला नाही. पार्सलवाला पुन्हा ओरडला. नम्रता म्हणाली, "अवो, तुमचं बाळ आलंय, घ्यायला जात नाय?"

"परत न्यायला सांग," सर्वेश म्हणाला. त्याचा हात माझ्या भात्यावर होता.

तो रामा गुरवाकडे गेला, मला घेऊनच. म्हणाला, "पुन्हा कौल लावा. सूर परत जुन्या पेटीत घातले तर देवीला चालंल का?"

रामाने फुलाला हातसुद्धा लावला नाही. "तू काय बोलला व्हतास? देवळात वाजवीन. वाजवलंस. कायमची ठेवीन असं कुठं म्हणालास? शब्द फिटला." मग म्हणाला, "आणि आता देवीला नको विचारूस. तिचं उत्तर तिनं पहिल्याच पाकळीत दिलंय. ज्यांना विचारायचं राहिलंय, त्यांना विचार."

घरी येऊन सर्वेश धोंडूबाईसमोर उभा राहिला. "आये, हिला राजापूरला न्यायची हाय. पण तुला यावं लागंल. तू नाय आलीस तर हिचा सूर लागायचा नाय. येशील?"

धोंडूबाईने त्याच्याकडे बघितलं. "तीन वर्षं तेच सांगत व्हते," ती म्हणाली. "डबा करून घेते."

एसटीत मी सर्वेशच्या मांडीवर, नव्या पेटीतून काढलेले सूर धोंडूबाईच्या पिशवीत. रत्नागिरीला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "ती मागं डिकीत टाका." सर्वेश म्हणाला, "आई डिकीत बसायची नाय आणि ही पण नाय." धोंडूबाईने पदर तोंडाला लावला. वाटेत मोबाईल चार वेळा वाजला. सवलतीचे निरोप असणार, त्याला रोज येतात. त्याने खिशात हात घातला, बंद केला, पुन्हा हात माझ्यावर ठेवला.

काशिराम मिस्त्री कधीच गेले. दुकानात सीताबाई होती. पाती पुसून देणारी ती सीता, आता केस पांढरे, डोळ्यांना जाड भिंग. तिने मला उघडलं आणि सर्वेशकडे बघून म्हणाली, "कुणी खोललं हे? कसायानं?"

सर्वेश खाली बघून म्हणाला, "मी."

"बरं झालं सांगितलंस. शिवी घालायला पत्ता सापडला." मग तिने एक डबी काढली. "हा बघ नवा जोड, सगळाच घालू का? चकचकीत होईल, झंझट नको."

मी श्वास रोखला. मला सर्वेशचे डोळे ठाऊक होते. नवं काही समोर आलं की ते कसे चमकतात ते मी पाच वर्षं पाहिलं होतं. तो त्या डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको. मोडला तेवढा एकच द्या. बाकीचे हिचे हिलाच लावा."

"कुठल्या सुराला लावू? तुमच्या यंत्राच्या?"

"नाय. आईच्या."

सीताबाईने कोरं पातं बसवलं आणि धोंडूबाईला म्हणाली, "गा." आणि मित्रांनो, त्या गल्लीत, भर दुपारी, रिक्षांच्या भोंग्यांत, धोंडूबाईने डोळे मिटून तो एक सूर धरला. सीताबाई पातं छेडायची, ऐकायची, मुळाशी हलकेच घासायची. मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाला घासलं की चढतो. सर्वेश भाता हलवत होता. थरथर आधी जोरात होती. मग लांबली. मग समुद्राच्या संथ लाटेसारखी झाली. सीताबाई एकदा म्हणाली, "अजून रडका हाय." आणि पुन्हा घासलं. मग एका क्षणी थरथर थांबली. आई कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते हे कुणाला सांगता आलं नसतं.

सर्वेशच्या खिशात ती सुई होती. त्याने ती काढली नाही.

एक सा सापडल्यावर बाकीचे सूर लावायला सीताबाईला फार वेळ लागला नाही.

आता मी घरी आहे. माझ्यावर काही ठेवलेलं नाही. रोज दिवेलागणीला धोंडूबाई गाते, तिचा हात हल्ली दुखतो, म्हणून भाता सर्वेश हलवतो. भजनाच्या आधी तासभर तो माझ्यासमोर बसून गळा घासतो, जसं सीताबाईने पातं घासलं तसा. मंडळ पुढच्या स्पर्धेतही हरलं. या वेळी त्याने काहीही मागवलं नाही. कोपऱ्यात दोन खोकी अजून न उघडलेली आहेत. त्यांचा मला राग नाही. ती बिचारी बोलायला शिकलीच नाहीत, त्यात त्यांचा काय दोष?

माझा राग गेला का? नाही. खरं सांगते, गेला नाही. पन्नास वर्षं माझ्यात बोललेलं ते पातं परत येणार नाही, आणि त्या महिन्याभरातल्या संध्याकाळी एका म्हातारीने नुसत्या वाऱ्यावर अभंग म्हटले, ते मी विसरणार नाही. पण मित्रांनो, माझा राग तुमच्या उपयोगी पडावा. तुमच्याही घरी कुठेतरी, खोक्यांखाली, कुणीतरी गप्प बसलेलं असेल. वस्तू असेल, माणूस असेल. नवं दारात यायच्या आधी त्या खोक्यांखालच्याला बाहेर काढा, पुसा, त्याचं काय मोडलंय ते विचारा. आणि श्वास द्या. वर्षातून एकदा नव्हे, रोज.

दिवा लावायची वेळ झाली वाटतं. विहिरीवर पाण्याचा आवाज येतो आहे, सर्वेश हात धुतो आहे. आता मी गप्प बसते. रागावलेली असले तरी सूर मात्र धोंडूबाईचाच लावीन.